दोन घरांत एक दिवा

आमच्या आणि रघुनाथरावांच्या घरामध्ये एका विटेची भिंत. तरी ते गेल्याची बातमी मला पुण्याहून कळली. दुपारी जेवून मी ओटल्यावरच्या झोपाळ्यावर पडलो होतो. कमलने, माझ्या बायकोने, फोन उचलला आणि मला हाक मारली. फोनवर रघुनाथरावांचा मुलगा अविनाश होता. म्हणाला, "काका, जरा बाजूला जाता का? आईचा फोन आला होता. बाबा बोलत नाहीयेत म्हणते." मी चपलासुद्धा घातल्या नाहीत. उन्हाने फरशी तापली होती ती नंतर तळवे पोळले तेव्हा कळलं. आत अक्का त्यांच्या पायाशी बसली होती. अक्का म्हणजे त्यांची बायको, माझ्या कमलची थोरली बहीण. तिने माझ्यामागून आलेल्या कमलला पाहिलं आणि रडली नाही, आधी भांडली. "किती हाका मारल्या गं! भिंतीवर हात आपटले. ऐकूच गेलं नाही तुम्हाला?" ... नाही गेलं. पूर्वी गेलं असतं. पूर्वी त्या भिंतीत एक झरोका होता, दोन विटांएवढा. तो रघुनाथरावांनी स्वतः बुजवून घेतला.

वर्तमानपत्राच्या पुरवणीत अशा गेलेल्या माणसांवरचे लेख येतात ते मी वाचतो. प्रत्येक जाणारा देवमाणूस असतो. आमचे साडूही मोठे होते, नाही म्हणत नाही. पण त्यांनी मला दगा दिला, आणि ते झाकून लिहायचं तर मला लिहिताच यायचं नाही. मी चौथी शिकलेला माणूस, बडोद्यात गोरव्याच्या कारखान्यात जन्म घालवला. जे झालं ते लिहितो. रघुनाथरावांना राग येणार असेल तर येऊ दे, मलाही आलाच होता.

माझं लग्न झालं तेव्हा त्यांच्या लग्नाला काही वर्षं होऊन गेली होती. रीतीप्रमाणे त्यांनी आम्हा नव्या जोडप्याला जेवायला बोलावलं. भाड्याच्या दोन खोल्या, त्या इतक्या लख्ख की मी पाय पुसून आत गेलो. जेवणं झाली, सगळे पुढच्या खोलीत आले. नवा जावई, आपलं काहीतरी काम दिसावं म्हणून मी म्हटलं, "आतला दिवा विझवू का?" तर त्यांनी माझं मनगट धरलं. "विठ्ठलराव, दिवा विझव म्हणू नये. दिवा वाढव म्हणावं." हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. माझी आजी समईला तसंच म्हणायची. बांगडी फुटली तर वाढली म्हणायचं, कुंकू पुसलं तर वाढलं म्हणायचं, वाईट शब्द तोंडातून काढायचा नाही, ही आपली जुनी रीत. पण विजेच्या बल्बला? मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "बटण आलं म्हणून काय झालं? उजेड तो उजेड. विझवला तर संपला. वाढवला म्हणजे उद्यासाठी ठेवला." मला ते इतकं पटलं की मी घरी येऊन त्याच दिवसापासून तसं बोलायला लागलो. आमच्याकडे 'वाढव' म्हणजे बंद कर. हे वाचणाराने लक्षात ठेवावं, कारण पुढे याच शब्दाने घात केला.

आम्हा दोघांचे आजे संस्थानच्या फौजेतले. माझे पागेत, त्यांचे पायदळात. संस्थान गेलं, मान गेला, मागे राहिली ती शिधा जपून खायची सवय. आमच्या घरात ती सवय अशीच पडलेली होती, जुन्या भांड्यासारखी. रघुनाथरावांनी ती घासून चकचकीत केली. ते मॅट्रिक झालेले, कारखान्यात स्टोअरकीपर, मलाही त्यांनीच तिथे चिकटवलं. त्यांच्या घरी गॅसची एक शेगडी पेटली की दुसरी जळक्या काडीने पहिलीवरून पेटवायची. जळक्या काड्यांचा वेगळा डबा होता. साबणाची चिपटी नव्या वडीला चिकटवायची. तांदळाचं धुवण झाडांना. शर्ट गादीखाली घडी करून ठेवायचे, इस्त्री दसरा-दिवाळीला. आणि हे सगळं रडत नाही, ऐटीत! कुणाच्या घरी पाहुणे म्हणून गेले आणि नळ गळत असला तर बोलता बोलता उठून नळ आवळून यायचे. एकदा अलकापुरीत एका लग्नाला गेलो होतो. हॉलमध्ये रिकाम्या खुर्च्यांवर पंखे गरगरत होते. हे उठले आणि एकेक बटण बंद करत निघाले. हॉलचा माणूस धावत आला. "काका, तमे हॉलना मालिक छो?" हे शांतपणे म्हणाले, "मालिक तमे होत, तो तमे ज ऊठ्या होत, भाई." म्हणजे मालक तू असतास तर तूच उठला असतास. तो माणूस हसला, आणि उरलेले पंखे त्याने स्वतः बंद केले. त्या दिवशी मला साडूचा असा अभिमान वाटला की लग्न कुणाचं होतं ते आज आठवत नाही, पंखे आठवतात.

लोक हसायचे. कारखान्यात आम्हाला चिकटजोडी म्हणायचे. घरच्या बायकाही काही कमी नव्हत्या. कमल अक्काला म्हणायची, "आपल्या दोघींना एकाच घरात द्यायचं होतं बाबांनी. तेवढाच एक नवरा वाचला असता." अक्का म्हणायची, "हळू बोल, दोघांनी ऐकलं तर म्हणतील चूक झाली खरी."

मग कारेलीबागेत सोसायटी उभी राहायला लागली आणि आम्ही शेजारशेजारची दोन टेनामेंट, म्हणजे बैठी जोडघरं, घेतली. दोघांची स्वयंपाकघरं एकाच भिंतीला लागून. भिंत चढत असताना रघुनाथरावांनी गवंड्याला सांगितलं, डोक्याच्या वर दोन विटा सोड. गवंडी दाहोदकडचा. तो हातातली थापी तशीच धरून म्हणाला, "काका, नवी भींतमां बाकोरुं? चोर पण हसशे!" रघुनाथराव म्हणाले, हसू दे. त्या झरोक्यात त्यांनी एक चाळीसचा बल्ब लटकवला. दोन घरांत एक दिवा. बल्ब त्यांच्या मीटरवर, पाण्याची मोटर आमच्या मीटरवर. कधी हिशेब झाला नाही, कधी लागला नाही. त्या झरोक्यातून कोथिंबीर जायची, विरजण यायचं. त्यांच्याकडे भांडण सुरू झालं की कमल इकडून नुसती खोकायची, आणि तिकडे शांत. आणि रोज जेवणं उरकली की तिकडून आवाज यायचा, "विठ्ठलराव, वाढवू?" मी म्हणायचो, "वाढवा." एवढ्यावर आमचा दिवस संपायचा.

आता एक सांगतो, ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझ्याजवळ शिक्षण नव्हतं, पैसा नव्हता, पोरांनीही काही मोठे दिवे लावले नाहीत. एकच मोठेपणा होता. आम्ही वाया घालवत नाही. परवडत नाही म्हणून नव्हे, शोभत नाही म्हणून. आणि हे मी एकटा म्हणत असतो तर लोक म्हणाले असते, गरीब आहे बिचारा. पण रघुनाथराव मॅट्रिक, स्टोअरकीपर, माझ्याहून दोन पायऱ्या वर. ते तसंच वागत होते, म्हणून माझ्या वागण्याला तत्त्व म्हणता येत होतं. माझा मान त्यांच्या खांद्यावर उभा होता.

अविनाशचं लग्न झालं. सून मनीषा, घर मराठी, शाळा गुजराती. गुणी पोर. एकदा जेवणं झाली, रघुनाथराव बाहेर गेलेले होते, म्हणून मीच झरोक्यातून म्हटलं, "सूनबाई, दिवा वाढवा." तिकडून "हो काका" आलं, पण दिवा काही बंद होईना. मला वाटलं, नवी आहे, कामात असेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बटण दाबलं गेलं आणि आमचं स्वयंपाकघर लग्नाच्या मांडवासारखं पेटलं. कमलच्या हातातली पळी खाली पडली. झरोक्यात स्टुलावर चढलेल्या मनीषाचा चेहरा. "काका, हवे बराबर? आता नीट दिसतं ना? शंभरचा लावलाय." बिचारीला वाटलं होतं, म्हाताऱ्याला उजेड कमी पडतोय, वाढव म्हणतोय! दोन्ही घरं पोट धरून हसली. अक्काला तर ठसका लागला. मीही हसलो. आणि हसता हसता वाट बघत राहिलो, आता रघुनाथराव स्टुलावर चढतील आणि शंभरचा काढून चाळीसचा लावतील. ते म्हणाले, "राहू द्या. पोरीने हौसेने आणलाय."

राहू द्या! हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नव्हता.

तो काळच तसा होता म्हणा. सगळ्या बडोद्यालाच जणू दिवा वाढवण्याचा उलटा अर्थ लागला होता. अलकापुरीत भर उन्हात दुकानांचे दिवे जळायला लागले. हप्त्यावर काय वाटेल ते मिळायला लागलं. अविनाशचा पगार चांगला, घरात फ्रीज आला, गिझर आला, कपडे धुण्याचं यंत्र आलं. मी काही बोललो नाही. तरुण माणसं, त्यांचा संसार. रघुनाथराव तरी आहेत तसेच आहेत, असं मी स्वतःला सांगत होतो. मागच्या बाजूला त्यांनी नवं स्वयंपाकघर काढलं, आणि झरोक्याची ती जुनी खोली रघुनाथरावांची झाली. बल्ब होताच. पण हाक रोज येईनाशी झाली.

मग अविनाशची पुण्याला बदली ठरली. आईबाप मागे राहणार म्हणून पोराचा जीव खालीवर, जाण्याआधी त्याने वडिलांच्या खोलीत एसी बसवायचा ठरवला. बसवणाराने सांगितलं, खोली बंदिस्त पाहिजे. दुसऱ्या दिवशी रघुनाथराव आमच्याकडे आले, झोपाळ्यावर माझ्या शेजारी बसले, पायाने दोन झोके दिले आणि म्हणाले, "ते भोक बुजवावं लागेल."

"का?"

"गारवा तुमच्याकडे येणार. वाया जाईल."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. वाटलं, थट्टा करतायत. "साडूबुवा, माझ्या घरात आला तर वाया?"

झोका थांबला होता, तो त्यांनी पुन्हा दिलाही नाही. बघा, ज्या शब्दासाठी मी त्यांना मानलं, त्याच शब्दाने त्यांनी मला भिंतीपलीकडे टाकलं. गवंडी आला, त्यांच्या बाजूने विटा बसल्या, गिलावा झाला, रंग झाला. माझ्या बाजूने गवंड्याला मी आत येऊ दिलं नाही. त्या दोन विटा माझ्या स्वयंपाकघरात आजही उघड्या आहेत.

एवढ्यावर थांबलं असतं तरी मी गिळलं असतं. पण अविनाश निघायचा म्हणून त्यांनी जेवण ठेवलं. व्याही आले, अविनाशच्या ऑफिसातले दोघं-चौघं आले. पंगत त्या गार खोलीतच. व्याही गमतीने म्हणाले, "काय हो, तुम्ही दोघं म्हणे एका दिव्यावर दोन संसार चालवायचात?" मी मान ताठ केली. म्हटलं, आता साडूबुवा सांगतील, शोभतं म्हणून चालवायचो. रघुनाथरावांनी अविनाशकडे पाहिलं, वर त्या मशीनकडे पाहिलं, आणि मोठ्याने हसून म्हणाले, "अहो, कसली तत्त्वं आणि कसलं काय! तेव्हा ऐपत नव्हती. पुढे माझी झाली थोडीफार, पण आमच्या विठ्ठलरावांना वाईट वाटायला नको, म्हणून मीही तसाच राहिलो."

सगळे हसले. एक जण मला म्हणाला, "वा, साडू असावा तर असा." माझ्या ताटात अर्धा भात होता. ताट सरकवून उठलो असतो, दुसरा कुणीही उठला असता. पण अन्न टाकायचं नाही. तो भात मी शिताशितासकट संपवला, मोरीत जाऊन माझं ताट मी घासलं, नळ आवळला आणि घरी आलो. कमलने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, मी गरीब होतो ते मला आज कळलं.

त्यानंतर बोलणं राहिलं ते कुंपणावरचं. "कसं काय?" "ठीक." त्यांनी पुष्कळदा बोलावलं, "या ना, गारव्यात बसा." सणावाराला जावं लागायचं. गेलो की खोली बंद, मशीन सुरू, आणि हे शाल पांघरून राजासारखे बसलेले. मी चहा घ्यायचो आणि उठायचो. शेवटचे आमच्याकडे आले ते पाडव्याला. पाणी प्यायला म्हणून आत स्वयंपाकघरात आले, त्या उघड्या विटांवरून त्यांनी हात फिरवला आणि म्हणाले, "गिलावा करून घ्या की, विठ्ठलराव."

मी म्हटलं, "राहू द्या. हौसेने ठेवल्यात."

त्यांनी पेला पुरता रिकामा केला, थेंब राहू दिला नाही, आणि गेले. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

ते गेले त्या दिवशी अविनाश पुण्याहून येईपर्यंत एसी चालू ठेवला होता. ठेवावाच लागतो. भर वैशाखात मी त्या खोलीत अंगावर त्यांचीच शाल घेऊन बसलो होतो. जितेपणी जिथे मी घटकाभर टेकलो नाही, तिथे ते निजलेले आणि मी कुडकुडतोय. मनात म्हटलं, घ्या रघुनाथराव, मनसोक्त घ्या गारवा...

दिवसकार्य झालं. अविनाश, मनीषा परत गेली. अक्का म्हणाली, मला इतक्यात पुण्याला नेऊ नका. मग एका दुपारी कमल आणि मी तिच्याकडे गेलो. त्या खोलीची खिडकी सताड उघडी, बाहेरचा गरम वारा आत येतोय, आणि अक्का खाली फरशीवर भाजी निवडतेय. मला बघून उठायला लागली. "विठ्ठलराव, तुमच्यासाठी एसी लावू का?"

"माझ्यासाठी नको, अक्का."

"बरं झालं. त्यांच्यासाठीही कधी लागला नाही मेला."

मी म्हटलं, "काय म्हणालात?"

"मग काय! एकटे असले की हे असंच, खिडकी उघडून. अविनाशचा फोन आला की सांगायचे, हो रे, चालू आहे, मस्त गार वाटतंय. पोराने हौसेने बसवलाय, त्याला कळता कामा नये. आणि तुम्ही फाटकातून येताना दिसलात की माझी धावपळ! खिडकी लाव, मशीन लाव, शाल दे. मी म्हणायची, अहो, ते आपल्यातलेच आहेत, त्यांच्यापुढे कशाला हे सोंग? तर म्हणायचे, एवढ्या लोकांत बोलून बसलोय, आता कोणत्या तोंडाने सांगू?"

कमल हसायला लागली आणि हसता हसता तिने पदर डोळ्याला लावला. गल्लीत हल्ली इतकी मशीनं घरघरतात की कोणाचं चालू आणि कोणाचं बंद, बाहेरून काही समजत नाही. अक्काने त्यांच्या गादीखाली हात घातला आणि एक पंखा काढून माझ्यापुढे धरला. हातपंखा. पुठ्ठ्याचा, गोल कापलेला, काठाने जुन्या धोतराची पट्टी शिवलेली. पुठ्ठा एसीच्याच खोक्याचा होता. वरची बाजू कोणती ते दाखवणारे दोन बाण त्यावर तसेच छापलेले.

जगात माणसं चारचौघांत काटकसर मिरवतात आणि दार लावून चैन करतात. आमच्या साडूने उलट केलं. चैन मला दाखवली आणि काटकसर गादीखाली लपवली. मुलाचं मन राखायचं होतं, समजतो मी. बाप होते. पण मुलाच्या वस्तूचा मान राखायला त्यांनी पंगतीत जो मान देऊन टाकला तो माझा होता, त्यांचा नव्हता. आणि दिला तर दिला, नंतर तरी सांगायचं! एका विटेच्या अंतरावर, मी इकडे घाम पुसतोय, ते तिकडे घाम पुसतायत, दोघंही तेच करतोय, आणि मी समजतोय की मी एकटा उरलो. मला एकटा समजू दिलं त्यांनी... भोक बुजवलं ते एक वेळ सोडून देईन. हे नाही सोडणार.

अक्का म्हणाली, पंखा तुम्ही न्या. मी नाही म्हटलं. ज्याचा त्याच्या खोलीत राहू दे. आता दुपारी ऊन चढलं की मी तिकडेच जाऊन बसतो, त्यांच्या खुर्चीत, खिडकीशी. गादीखालून पंखा काढतो आणि वारा घेतो. अक्का भाजी निवडता निवडता वर बघते आणि रोज म्हणते, "विठ्ठलराव, उलटा धरलात. ते बाण वर करून धरायचे."

मी ऐकत नाही. मी उलटाच धरतो. वारा तेवढाच लागतो.